पाचवा ‘का’

चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने माझी नवी फ्रेम हलवून पाहिली, उजव्या दांडीचा स्क्रू ढिला आहे म्हणाली आणि टेबलाच्या कडेला अडकवलेला एक दिवा मान धरून खाली ओढला. साधाच दिवा. मधोमध बशीएवढं भिंग आणि भिंगाभोवती पांढऱ्या उजेडाचं कडं. तिने फ्रेम त्याच्याखाली धरली, आणि तो तिळाएवढा स्क्रू काउंटरच्या अलीकडे बसलेल्या मलाही वाटाण्याएवढा दिसला. त्याची खाच दिसली, खाचेतली धूळ दिसली. आणि माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. मी विचारलं, “हा दिवा कुठे मिळतो?” ती स्क्रू पिळता पिळता म्हणाली, “हा होय? कुठेही मिळतो काका. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा.” जसं काही मला हे माहीतच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीही तो कुठेही मिळत होता. आमच्या कारखान्याच्या फाटकासमोरच्या दुकानात काचेमागे टांगलेला होता, रोज जाता-येता दिसायचा, आणि मी आत जाऊन एकदा त्याची चौकशीसुद्धा करून आलो होतो. “झालं,” म्हणत मुलीने चष्मा माझ्या नाकावर चढवला, कानामागे बोटांनी बसवला आणि आरसा समोर धरला. आरशात त्रेपन्न वर्षांचा एक गृहस्थ होता आणि त्याच्या डोळ्यांखालच्या घड्या मला पहिल्यांदाच नीट दिसत होत्या. “कसं वाटतंय?” तिने विचारलं. मी छान म्हणालो आणि बाहेर पडलो.

नव्या चष्म्याने जमीन वर येते. दुकानातून बाहेर पडताना पायरी होती त्याहून जवळ दिसली आणि मी पाऊल असं काही आपटलं की पानाच्या ठेल्यावरचा माणूस वळून बघायला लागला. मला खरं तर कामावर परत जायचं होतं, दोन तासांची सवलत घेऊन आलो होतो, पण पाय डावीकडे वळले. डावीकडे ताई राहते. मी ताईकडे जात नाही असं मुळीच नाही, दर आठवड्याला जातो. जातो, चहा पितो, तिच्या गोळ्या संपल्यात का बघतो, येतो. जे सांगायचं ते तेवढं राहून जातं. मनातल्या मनात वाक्य तयार असतं, ताई, ते तुझ्यामुळे झालं नाही, माझ्यामुळे झालं. इतकं साधं, सहा-सात शब्दांचं. अकरा वर्षांत एवढे सहा-सात शब्द माझ्या घशातून खाली गेलेत की आता त्यांना चव उरलेली नाही. आज मात्र सांगायचंच, म्हटलं. एक दिवा बघून माणसाला इतकं धैर्य यावं हे हास्यास्पद आहे, पण आलं खरं, आणि ते ओसरायच्या आत मला तिच्या जिन्यापर्यंत पोचायचं होतं.

आमच्या कारखान्यात नळ बनतात. तुम्ही सकाळी तोंड धुता तो नळ. पितळेचा सांगाडा एका बाजूने आत येतो, टेबलाटेबलावर त्यात काहीबाही बसत जातं आणि दुसऱ्या बाजूने खोक्यात भरून बाहेर पडतो. ताई आठव्या टेबलावर होती. तिने नळात फिरकी बसवायची, वरून चकती घट्ट करायची आणि नळ नवव्या टेबलावर सरकवायचा. नवव्या टेबलावर तपासणी. तिथे एक बाई नळात हवा भरून तो काचेच्या टाकीत पाण्याखाली धरायची आणि बुडबुडे येतात का ते पाहायची. बुडबुडा आला की नळ गळका, टाक लाल पेटीत. सगळा कारखाना तिला बुडबुडेबाई म्हणायचा. ‘बुडबुडेबाई सगळ्यांना पाण्यात पाहते’ हा आमच्याकडचा सर्वांत जुना विनोद, नवा माणूस आला की त्याला तो ऐकवल्याशिवाय पहिला चहा मिळत नसे, आणि सर्वांत जोरात हसायची ती बुडबुडेबाईच. कोपरापर्यंत ओले हात, बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. बावीस वर्षं ती आणि ताई शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. डबा एकत्र, सुट्टी एकत्र, भांडण झालं तरी एकत्र, कारण भांडून जायचं कुठे, टेबलं तर चिकटलेली. वडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि मी दहा. ती त्या आठव्या टेबलाशी उभी राहिली म्हणून मी शिकलो, आणि शिकून त्याच कारखान्यात सुपरवायझर म्हणून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पहिल्या दिवशी बुडबुडेबाईने ओल्या हातानेच माझा गाल ओढला होता. “आमचा साहेब आला,” म्हणाली होती.

मग ते प्रशिक्षण आलं. आलं ते बरंच झालं, हे मला आजही म्हणावं लागतं. कारखान्याची घडी पार विस्कटली होती, माल वेळेवर जात नव्हता, आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक दुसरीकडे निघालं होतं आणि मालक सकाळी येऊन नुसते खिडकीशी उभे राहायचे. त्यांनी बाहेरून एक प्रशिक्षक बोलावला. टक्कल पडलेला, हसतमुख, पायात चाकं लावल्यासारखा फिरणारा माणूस. त्याचं सांगणं असं की सुधारणा एकदाच करून भागत नाही, ती रोज करायची, थोडी थोडी, आणि ती साहेबाने करायची नाही, टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाने करायची. दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो. हे वाक्य त्याने आम्हाला उभं करून एका सुरात म्हणायला लावलं. आणि अडचण दिसली की ‘का’ विचारायचं. एकदा विचारून थांबायचं नाही, पाच वेळा विचारायचं. पहिल्या चार उत्तरांत माणूस वरवरचं सांगतो, पाचव्याला मूळ कारण हाती लागतं. मूळ कारण सापडलं की सगळ्यांनी मिळून तीन टाळ्या. मला हे सगळं फार आवडलं, खोटं कशाला बोलू. मी त्या माणसाच्या मागे मागे फिरलो, त्याच्या वह्या उतरवून घेतल्या, आणि महिन्याभरात माझं नाव ‘का-साहेब’ पडलं. घरीही तेच सुरू. एकदा जेवताना मी बायकोला विचारलं, भाजी खारट का झाली? मीठ जास्त पडलं. का पडलं? ती डाव खाली ठेवून म्हणाली, “हे बघा, याला पाच कारणं नाहीत, एकच आहे, आणि ते समोर बसून जेवतंय. दुसरा ‘का’ विचारलात तर उद्यापासून डबा स्वतः करा.” मी कानाला खडा लावला. घरापुरता.

कारखान्यात मात्र माझ्या हातात घड्याळ होतं. प्रत्येक टेबलाशी उभं राहून किती सेकंदांत काय होतं ते मोजायचं. मी दोन दिवस मोजत होतो. सातव्या टेबलापर्यंत माल नऊ-दहा सेकंदांना एक नळ या वेगाने यायचा आणि आठव्यापासून चौदा सेकंदांना एक. म्हणजे गाठ आठव्या टेबलावर होती, म्हणजे ताईपाशी. मी तिच्या हातांकडे पाहत उभा राहिलो. लहानपणी मी त्या हातांकडे पाहिलं होतं ते पाटीवर अक्षर गिरवून घेताना, किंवा दुखणाऱ्या कानात तेल घालताना. घड्याळ लावून कधी पाहिलं नव्हतं. फिरकी, चकती, तीन पिळे, झालं, नऊ सेकंद. आणि मग ती नळ पुढे सरकवायची नाही. त्याच्यावर हात ठेवून उभी राहायची. पाच सेकंद. अगदी मोजून पाच, दर वेळी. नजर नळावर नसायची, शेजारच्या टाकीवर असायची. बुडबुडेबाईचं नाक काचेला टेकलेलं असायचं. ती मान मागे घ्यायची, नळ बाजूला ठेवायची, आणि त्याच क्षणी ताईचा हात उचलला जायचा. मी हे वहीत लिहिलं. ‘आठ क्रमांक, पाच सेकंद वाया.’ ‘वाया’ हा शब्द प्रशिक्षकाने शिकवलेला. ज्यातून गिऱ्हाइकाला काही मिळत नाही ते सगळं वाया.

मालकांसमोर प्रात्यक्षिक ठरलं होतं. कारखान्यातला एक खरा अडथळा घ्यायचा, सर्वांदेखत पाच ‘का’ विचारायचे आणि कारण शोधून दाखवायचं. ते मी करायचं होतं. नीट पार पडलं तर सुधारणा विभाग निघणार होता आणि तो माझ्याकडे येणार होता, हे मालकांनी सांगितलं नव्हतं पण प्रशिक्षकाने डोळा मारून सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी मी ताईकडे जेवायला गेलो. भाऊजी तेव्हा होते, टीव्हीसमोर बसलेले. ताई मला वाढत होती. मी म्हणालो, “उद्या सगळ्यांसमोर तुला विचारणार आहे. जे आहे ते खरं सांग. घाबरू नकोस, त्यात कोणाचा दोष निघत नसतो, पद्धतीचा निघतो.” ती म्हणाली, “मला कशाला मध्ये घेतोस? दुसरं कोणी नाही का?” मी म्हणालो, “तूच पाहिजेस. ताई, माझी लाज राख.” असं म्हणालो मी. आयुष्यभर जिने राखली तिलाच. ती थोडा वेळ पातेल्यात डाव फिरवत राहिली. मग म्हणाली, “पद्धतीचा निघतो म्हणतोस ना?” मी म्हणालो, हो. तिने मला आणखी एक डाव वाढला.

दुसऱ्या दिवशी आठव्या टेबलाभोवती सगळे गोळा झाले. यंत्रं बंद केली होती, त्यामुळे इतकी शांतता की टाकीतली हवेची नळी सूं करत होती तेवढाच आवाज. फळा आणून ठेवला होता, त्यावर आडव्या पाच रेघा. प्रशिक्षक खडू घेऊन उभा, मालक हाताची घडी घालून. मी विचारलं, “इथे माल का थांबतो?” ताई म्हणाली, “मी थांबवते म्हणून.” लोक हसले. ती पहिली रेघ. “का थांबवता?” कारखान्यात मी तिला अहो-जाहो करायचो. “पुढे गर्दी होते म्हणून.” “पुढे गर्दी का होते?” “तपासायला वेळ लागतो.” “तपासायला वेळ का लागतो?” इथे ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “नीट बघावं लागतं. घाईचं काम नाही ते.” चार रेघा भरल्या होत्या. तिथे थांबता आलं असतं. तपासणी घाईची नसते, टाकी वाढवा, दुसरी लावा, काहीही म्हणता आलं असतं आणि कोणी मला सुळावर चढवलं नसतं. पण फळ्यावर एक रेघ रिकामी होती, आणि मालक पाहत होते. मी म्हणालो, “पाचवा ‘का’ राहिला. नीट बघायला इतका वेळ का लागतो?” ताई अगदी हळू, पण सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तिला कमी दिसतं.”

बुडबुडेबाई चार फुटांवर उभी होती. मग प्रशिक्षकाने खडू खाली ठेवला, “मूळ कारण!” म्हणाला आणि हात वर केले, आणि सवयीने साठ-सत्तर माणसांनी तीन टाळ्या वाजवल्या. आम्हाला तसं शिकवलं होतं. त्या टाळ्यांत बुडबुडेबाईच्याही तीन टाळ्या होत्या. ओल्या हातांच्या टाळीचा आवाज वेगळा येतो, फटफट असा. पाणी उडालं. तिने टाळ्या वाजवल्या, हसल्यासारखं केलं, आणि हात कुठे पुसावेत ते न कळून तशीच उभी राहिली. ताईने वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या.

टाळ्या संपताक्षणी मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसंच मला केबिनमध्ये नेलं. सुधारणा पत्रक माझ्याजवळ होतं. त्यात अडचण, मूळ कारण आणि उपाय असे तीन रकाने, आणि उपायाच्या रकान्यात पेन्सिलीने माझ्या अक्षरात दोन शब्द होते, ‘दिवा, भिंग’. मालकांनी चष्मा लावून वाचलं. चांगला माणूस, उगाच वाईट सांगणार नाही. म्हणाले, “दिवा लावून द्यायचा? बरं. आणि तरी तिच्या हातून गळका माल गेला तर? ह्या गिऱ्हाइकाकडे? जबाबदारी कोणाची, तुझी?” मी पत्रक त्यांच्याकडून परत घेतलं. ते म्हणाले, “माझं काही म्हणणं नाही. विभाग तुझा, पत्रक तुझं. तू ठरव.” त्यांच्या टेबलावर खोडरबर होतं. मी ते उचललं. दोन शब्द खोडायला काही वेळ लागत नाही, पण कागद पातळ होता, भिंगाच्या अनुस्वारापाशी जरा फाटला. त्याच्यावर मी पेनने लिहिलं, ‘कामगार बदल’. मालकांनी खाली सही केली. मागे खूण राहू नये म्हणून मी खोडरबराचा भुगाही फुंकून टाकला.

बुडबुडेबाईला कोणी काढलं नाही. आमच्याकडे कोणाला काढत नाहीत. तिला पॅकिंगला दिलं, खोकी चिकटवायला, दिवसभर कोरड्या हातांनी. नवव्या टेबलावर एक तरुण मुलगी आली. दुसऱ्या दिवसापासून ताईचा हात नळावर थांबेना. नऊ सेकंद, नऊ सेकंद, नऊ सेकंद. मी घड्याळ घेऊन समोर उभा राहिलो तरी तिने वर पाहिलं नाही. उत्पादनाचा आलेख त्या आठवड्यात जिन्याच्या पायरीसारखा चढला, गिऱ्हाईक टिकलं, पुढच्या वर्षी नवी शेड उभी राहिली, शंभरावर माणसं नव्याने कामाला लागली. मी खोटं बोलत नाही, या गोष्टी झाल्या. दोन महिन्यांनी बुडबुडेबाईने राजीनामा दिला, त्यावर कारण ‘घरगुती’. मी एकदा जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तिच्या काळात गळके म्हणून परत आलेले नळ आणि नव्या मुलीच्या काळात परत आलेले. आकडा सारखा होता. जवळजवळ तोच. मी फाइल बंद करून कपाटात ठेवली. गेल्या वर्षी एका कॉलेजातून दोघं जण आले होते, प्रशिक्षणाचा कारखान्यांच्या कामगिरीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारे. प्रश्नावली दिली, एक ते पाच आकड्यांवर खूण करायची. मी प्रत्येक ठिकाणी पाचावर खूण केली, मनापासून. शेवटी विचारलं होतं, काही प्रतिकूल परिणाम जाणवले का, आणि खाली तीन ओळी मोकळ्या. मी ‘नाही’ लिहिलं. त्यातली मुलगी म्हणाली, सर, तुमचा कारखाना आम्ही उदाहरण म्हणून घेणार आहोत. मी त्यांना चहा पाजला.

ताई मला कधीच काही म्हणाली नाही. तेच तर झालं. ती स्वतःलाच म्हणत राहिली. “माझ्या जिभेला हाड नाही,” एवढं एकदा म्हणाली, भाऊजी गेले त्या वर्षी, काही संबंध नसताना, भांडी लावता लावता. त्या दोघींचं बोलणं बंद झालं. बुडबुडेबाईने बंद केलं असेल असं लोकांना वाटतं, पण मला माहीत आहे, ताईने केलं. तोंड दाखवायला जागा नाही म्हणून. बुडबुडेबाई ताईच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहते, सुनेजवळ, एक डोळा आता गेलेला आहे म्हणतात. दवाखान्यात न्यायचं झालं की ताई मला त्या गल्लीने जाऊ देत नाही, लांबून वळसा घालायला लावते. विचारलं तर सांगते, त्या रस्त्याला फार खड्डे आहेत. मी जाऊन पाहून आलो. एकही खड्डा नाही. आणि हे सगळं मला एका वाक्यात मिटवता आलं असतं. ताई, तू बोललीस म्हणून तिची जागा गेली नाही. तू बोलल्यावरही दिव्याचा रस्ता होता, कागदावर होता, तो मी पुसला. हे कळलं असतं तर ताई त्याच दिवशी बुडबुडेबाईच्या दारात जाऊन उभी राहिली असती. पण मग तिने माझ्याकडे कसं पाहिलं असतं? एवढ्यासाठी मी माझ्या बहिणीला अकरा वर्षं गुन्हेगार म्हणून राहू दिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्यात खाल्लं मी आणि खवखव तिला.

ताईचं दार उघडंच होतं. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, “आज कसा काय? आणि हे काय, चष्मा बदललास? मास्तर दिसतोस.” मी खुर्चीवर बसलो. नव्या चष्म्यातून ती मला फार जवळ आणि फार म्हातारी दिसली, केसांची मुळं दिसली, हनुवटीवरचा एक पांढरा केस दिसला. “चहा टाकते,” म्हणून ती उठायला लागली. मी म्हणालो, “नको. बस तू. मला काही सांगायचंय.” ती बसली. “बरंय ना सगळं घरी?” “घरी बरंय. ताई, ते बुडबुडेबाईचं.”

तिचे हात टॉवेलवर थांबले. मी सांगायला लागलो. घाईघाईने सांगितलं, कुठे थांबलो तर पुढे जमणार नाही म्हणून. पत्रक, रकाना, पेन्सिलीने लिहिलेला दिवा आणि भिंग, मालकांचा प्रश्न, खोडरबर. “तू काही केलं नाहीस ताई,” मी म्हणालो. “तू खरं तेच बोललीस, आणि तेवढ्याने काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं मी. मी ते पुसलं नसतं तर ती तिथेच राहिली असती, दिवा लावून. मला माफ कर असं म्हणायलाही मला…” रडू येत होतं, आणि खरं सांगतो, बरंही वाटत होतं. छातीवरचं काहीतरी उतरत होतं. मला वाटलं, आता ती एक तर ओरडेल, नाही तर माझ्या डोक्यावर हात ठेवेल. दोन्हींची माझी तयारी होती.

ती काहीच करेना. समोरच्या भिंतीकडे बघत बसली, काहीतरी आठवून जुळवत असल्यासारखी. मग म्हणाली, “टाळ्या झाल्या आणि मालक तुला तसेच घेऊन गेले.”

“हो.”

“मी बघत होते. तू कुठे बसलाही नाहीस की थांबलाही नाहीस. तुझ्या पाठीवर त्यांचा हात होता.”

“हो.”

“मग तो दिवा कधी लिहिलास?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. अकरा वर्षं मी ते वाक्य घोळवत होतो, सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं होतं, पण ही एक गोष्ट मी त्यात कधी पाहिली नव्हती. किंवा पाहायची नव्हती. खोटं बोलता आलं असतं, केबिनमध्ये लिहिला म्हणता आलं असतं, तिने मानलं असतं. मी म्हणालो, “आदल्या दिवशी. दुपारी. समोरच्या दुकानात बघून आलो होतो.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं. तिला दिसत नाही ते.”

“हो.”

“संध्याकाळी माझ्याकडे जेवायला आलास तेव्हा खिशात होतं ते.”

मी मान हलवली.

“मग मला विचारलंस कशाला?”

ती रागाने बोलत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हणालो, “तशी पद्धत होती ताई. कारण साहेबाने सांगायचं नसतं. मालकांसमोर ते कामगाराच्या तोंडून यायला हवं होतं.”

“कामगाराच्या,” ती म्हणाली.

तिने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली, ढीग सरळ केला. मग उठली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं, आणि दाराशी जाऊन चपला पायात घालू लागली. एक हात भिंतीला लावून, सावकाश. गुडघे दुखतात तिचे. मी उठलो. “मी येऊ का बरोबर? जिना…” ती म्हणाली, “नको.” मी म्हणालो, “ताई, तिला सांग की मी…” तिने माझ्याकडे वळून पाहिलं, काही राहिलेलं ऐकून घ्यावं तशी थांबली, पण माझं वाक्य पुढे सरकेना. खुंटीवरची किल्ली घेऊन ती बाहेर पडली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरत जाणारा तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तोही थांबला. घर उघडं टाकून मला जाता येत नव्हतं, आणि ती किती वेळाने येणार हे मी विचारलं नव्हतं. मी परत खुर्चीवर बसलो. ती आल्यावर काय बोलायचं ते ठरवायला लागलो, तर पहिलाच शब्द सापडेना.